ठकीचं तोंड

ठकी माझी नव्हती, ताईची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःला बरीच सूट देणार आहे आणि ती कुठून येते ते माहीत असलेलं बरं.

मी दात करते. चाळीस वर्षं हाच धंदा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेतात, ते डब्यात घालून माझ्याकडे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करते, वर मेण लावते, मेणात एकेक दात मांडते आणि आठवड्याभरात कवळी तयार होते. या शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात आणि रस्त्यात समोर आली तर मला ओळखत नाहीत. मी मात्र ओळखते. फळांच्या दुकानात कोणी जांभई दिली की मनात म्हणते, हा तेराशे बारा नंबर, उजवीकडेच चावायची खोड. असल्या ओळखीचा माणसाला काही उपयोग नसतो.

ताईने लग्न केलं नाही. मी एकदा केलं आणि परत आले. मग तीस वर्षं आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात राहिलो. पुढच्या खोलीत तिची भूगोलाची पुस्तकं आणि खिडकीपाशी तिची वेताची खुर्ची, मागच्या खोलीत माझं कामाचं टेबल, दिवा आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी पूड. ताई म्हणायची, "आपल्या घरात दात आहेत तर चणे नाहीत अशी गत नाही. दात भरपूर आहेत आणि चणे मी आणते."

ठकी अकरा वर्षांपूर्वी जिन्यात सापडली. मांजराचं मूठभर पिल्लू, नाक वाहतंय, डोळे चिकटलेले. ताईने ते गाठोडं पदराखाली घेतलं आणि मी नाक मुरडलं. तरी महिन्याभरात ती सकाळी ताईकडून जेवायची आणि मग मागच्या खोलीत येऊन, जन्मात अन्न पाहिलं नसल्यासारखं तोंड करून, माझ्याकडूनही जेवायची. आम्हाला हे कळायला सहा महिने लागले. म्हणून ठकी.

ताईचं शेवटचं वर्ष खुर्चीतच गेलं. जिने उतरणं बंद झालं होतं. दिवसभर ती आणि ठकी खिडकीत बसून खालची रहदारी बघत. त्या वर्षात ताईने एक नवीन खूळ काढलं. ठकीचं खाणं ती कोमट पाण्यात कालवायची, काट्याने अगदी मऊ करायची आणि बोटावर घेऊन भरवायची. अर्धा अर्धा तास चालायचं ते. मी म्हणायची, "एवढे लाड आईनेही आपले केले नाहीत."

एका संध्याकाळी ती पुढच्या खोलीतून म्हणाली, "हिच्या तोंडात काहीतरी आहे गं. बघ ना जरा. तुझा तर धंदाच आहे."

मी दिव्याखाली कोणाचे तरी वरचे सहा दात मांडत होते. ओळ सरळ येत नव्हती आणि वरचेवर हाका मारलेल्या मला आवडत नाहीत. म्हटलं, "ताई, मी माणसांचे दात करते. मांजरांनी कवळ्या लावायला सुरुवात केली की बघू."

ताई हसली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ती गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना मी हा किस्सा सांगितला. शेवटपर्यंत कशी हसतखेळत होती, याचा पुरावा म्हणून. लोकही हसले.

ताईला जाऊन सात महिने झाले होते तेव्हाची ही हकिकत.

ताई गेल्यावर मी ते कालवाकालवीचं प्रकरण बंद केलं. ठकीसाठी पाकिटातले कडक दाणे आणले. कुणी विचारलं असतं तर मी तास घेतला असता त्यावर: कडक खाल्लं की दात साफ राहतात, मऊ खाऊन खाऊनच माणसं माझ्याकडे येतात. चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता. ठकी वाटीशी आली, वाकली, एक दाणा तोंडात घेतला, आणि वाटीवरच फिसकारून पलंगाखाली पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. भूक लागली की धावत यायची, वास घ्यायची, वाटीभोवती फिरायची आणि कोणीतरी चापट मारल्यासारखी मागे सरायची. रोज थोडं थोडं पोटात जायचं, पण थोडंच.

खाली एक शिंपीणबाई राहतात. त्यांना मी सांगितलं, तर मशीन थांबवून त्या म्हणाल्या, "दुःख करतेय हो ती. जनावराला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी ते दोन्ही हातांनी धरलं. त्या दिवसापासून मला सगळं स्पष्ट दिसायला लागलं. ठकीने अंग चाटणं सोडलं, पाठीवर केसांच्या गाठी झाल्या. मला वाटलं, बरोबर आहे, मी तरी कुठे वेणी नीट घालतेय. ती दिवसभर पलंगाखालच्या अंधारात बसायची. मीही कोणी दार वाजवलं तर उघडत नव्हते. अंगावर हात ठेवला तर दचकायची. हनुवटी ओली असायची. अधूनमधून पंजा तोंडावरून फिरवायची, आणि तेव्हा तर मला हुंदकाच यायचा, कारण ताई गेल्यावर मी असाच पदर तोंडावरून फिरवला होता.

मग मी ताईची शाल काढून वाटीशेजारी अंथरली. संध्याकाळी काम उरकलं की मी त्या शालीपाशी जमिनीवर बसायची. ठकी पलंगाखाली, मी बाहेर, मध्ये भरलेली वाटी. मी तिला ताईच्या गोष्टी सांगायची. ताईने शाळेत एका मुलीला वाळवंट समजावून सांगताना साखरेचा डबाच कसा टेबलावर पालथा केला, वगैरे. ठकी ऐकायची असं मला वाटायचं. माझंही जेवण ओट्यापाशी उभ्या उभ्याच व्हायचं, पाव आणि चहा.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. भेटायला येणारे कधीच थांबले होते. बाकी जगात ताईला आठवणारं कोण होतं? शाळेतल्या मुली मोठ्या होऊन पांगल्या. तिच्या नावाने टपाल यायचं तेही बंद झालं. या तीन खोल्यांत एक जीव होता जो माझ्याइतकाच झुरत होता, आणि तो दिवसेंदिवस वाळत चालला याचं मला वाईट वाटत होतं तसा, लाज वाटते सांगायला, थोडा आधारही वाटत होता.

एका सकाळी जाग आली तर ठकी माझ्या उशीवर होती. सात महिन्यांत पहिल्यांदा. मी हललेच नाही, न जाणो उठून जाईल. तिचा श्वास माझ्या गालावर येत होता, आणि त्या श्वासाला एक वास होता.

तो वास मी कुठेही ओळखला असता. माझ्याकडे काही कवळ्या परत येतात. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, "लागते आहे." डबा उघडला की तोच वास येतो. माणसं दुखतं तरी लावत राहतात, हिरडीला जखम होते, ती चिघळते, आणि तो वास त्या गुलाबी प्लास्टिकला धरून राहतो. तो आला की मला न बघता सांगता येतं की या तोंडात आग पडलेली आहे.

मी उठून बसले. उशीवर, तिची हनुवटी होती तिथे, ओला डाग होता. कडेने फिकट लाल.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय, ते मला त्या वेळी कळलं. ताईची मुलींच्या वह्या न्यायची जुनी वेताची पेटी काढली, ठकीला शालीसकट आत ठेवलं आणि तशीच बिनवेणीची जिना उतरले.

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तिशीच्या आतबाहेरची असेल. तिने आधी ठकीला वजनकाट्यावर ठेवलं. दोन किलो शंभर. पेटीच्या कप्प्यात ताईने ठेवलेलं लशीचं कार्ड होतं, त्यावर ताईच्या अक्षरात तीन किलो आठशे लिहिलेलं. डॉक्टरिणीने कार्ड बाजूला ठेवलं. तिने ठकीचं डोकं एका हाताने धरलं आणि अंगठ्याने वरचा ओठ हळूच उचलला.

चाळीस वर्षांत मी हजारो जबडे हातात घेतले, पण सगळे प्लास्टरचे. पांढरे, कोरडे, गप्प. जिवंत तोंड इतकं लाल असू शकतं हे मला माहीत नव्हतं. दाढांच्या कडेने हिरड्या सुजून वर आल्या होत्या. डॉक्टरिणीने क्षणभर जबडा उघडला तेव्हा आत, घशाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना, साल सोललेल्या गुडघ्यासारखं दिसलं. ठकी ओरडली. तसा आवाज तिने आयुष्यात काढला नव्हता.

"तोंड आलंय," डॉक्टरीण म्हणाली. "पण आपलं येतं तसं नाही. फार वाईट प्रकारचं. पिल्लू असताना सर्दी झाली होती का?"

"नाकडोळे चिकटलेलेच सापडली होती."

"कधी कधी त्याचा संबंध असतो. नक्की कारण कोणालाच सांगता येत नाही. दातांवर जो थर बसतो, तो सगळ्यांच्याच बसतो. हिचं शरीर त्याला वैरी समजून तुटून पडतंय आणि त्यात हिरड्या होरपळतायत. भूक लागते हो हिला, भरपूर लागते. खायला गेलं की दुखतं, म्हणून पळते. काय खायला घालता?"

"कडक दाणे," मी म्हटलं. "दात साफ राहावेत म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कधीपासून होतंय?"

"सात महिने. माझी बहीण गेल्यापासून. मला वाटलं, तिच्यासाठी झुरतेय."

"नाही हो, सात महिन्यांचं नाही हे. वर्ष दीड वर्ष तरी झालं असेल. ही दाढ बघा, मुळाशी झिजून गेलीय, ते काही एका दिवसात होत नाही. आधी हिला जेवायला कोण घालायचं?"

"तीच. बहीण."

"काय घालायची?"

"कोमट पाण्यात कालवून. बोटावर घेऊन."

डॉक्टरीण कार्डावर लिहीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग त्यांना कळलं होतं."

पुढचं तिने काय सांगितलं ते मी एका कागदावर उतरवून घेतलं म्हणून आठवतंय. आधी रक्त तपासायचं, मूत्रपिंडं ठीक आहेत का बघायचं. दुखणं थांबवायचं औषध, पिचकारीने गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं. मऊ, कोमट खाणं. थोडी ताकद आली की भूल देऊन जबड्यांचे फोटो काढायचे आणि दाढा काढायच्या, बहुतेक सगळेच दात. नुसती औषधं देत राहिलं तर आज बरं, उद्या पुन्हा तेच. दात काढल्यावर बऱ्याच मांजरांना आराम पडतो. सगळ्यांना नाही.

"आणि भूल?" मी विचारलं.

"अकरा वर्षांची आहे आणि अंगात काही राहिलेलं नाही. धोका आहे, नाही असं नाही म्हणणार. पण काहीच केलं नाही तर ही उपाशी मरेल."

मी विचारलं, "कवळी बसवता येते का?" विनोद नव्हता तो. तोंडातून दुसरं काही निघालं नाही.

"मांजराला लागत नाही," ती म्हणाली. "दात नसले तरी छान खातात. गिळतातच ती."

घरी येताना पेटी मांडीवर घेऊन मी बसच्या थांब्यावर बसले होते. एक बस गेली, दुसरी गेली. माझ्या डोक्यात ताईचं एकच वाक्य फिरत होतं. बघ ना जरा, तुझा तर धंदाच आहे. तिला जिना उतरता येत नव्हता, म्हणून तिने मला सांगितलं. मी तिच्यापासून बारा पावलांवर होते, समोर दिवा लावलेला होता. मान वळवायची होती फक्त. आणि मी काय केलं, तर एक झकास उत्तर दिलं, आणि ते इतकं झकास होतं की तिच्या मागे चारचौघांत सांगत सुटले. ती हसली, कारण हसायची तिला सवय होती. मग बोटावर घास घेऊन, एकटीने, जमेल तेवढं निभावून नेलं. तिने त्या वर्षात अजून काय काय मला सांगितलं आणि मी उत्तरं देऊन मोकळी झाले, ते आता कोणाला विचारू?

पुढचे बारा दिवस मी कोणाचे दात केले नाहीत. डॉक्टरांचे फोन आले, म्हटलं, घरात आजारपण आहे. ते म्हणाले, "कोण आजारी आहे?" मी म्हटलं, "घरचंच माणूस." सकाळ-संध्याकाळ औषध. मासळीचा लगदा कोमट पाण्यात कालवायचा, मनगटावर टेकवून बघायचा, बोटावर घ्यायचा. पहिल्या दिवशी ती बोटापासून लांब सरकली. औषध लागू पडल्यावर तिसऱ्या दिवशी तिने चाटलं. खरखरीत जीभ बोटाला लागली आणि मी रडले. दुःखाने नव्हे, रागाने. अर्धा तास लागतो एका वाटीला. ताईचा अर्धा तास असाच जायचा.

वजन अडीच किलोपर्यंत आलं तेव्हा डॉक्टरिणीने तारीख दिली. एक कागद पुढे केला, त्यावर लिहिलं होतं की भुलीतून प्राणी उठला नाही तर आमची तक्रार नाही. मी सही केली, आणि सही माझ्या सहीसारखी आली नाही.

मला थांबू देत नव्हते. घरी येऊन मी टेबलाशी बसले. फळीवर जुने जबडे ठेवलेले असतात, नंबर घातलेले. सातशे चार ताईचा. खालची हिरडी झिजलेली, कवळी कधी नीट बसली नाही तिला, हसली की हलायची. मी तो जबडा उतरवला आणि हातात धरून बसले. ठकी उठली नाही तर या घरात ताईचं जिवंत असं काही उरणार नव्हतं. प्लास्टर तेवढं राहिलं असतं. मी पहिल्यांदा कोणाकडे तरी काहीतरी मागितलं. कोणाकडे ते मला माहीत नाही.

चार वाजता फोन आला.

"सगळे काढले," डॉक्टरीण म्हणाली. "मुळं राहिली नाहीत, फोटो काढून खात्री केलीय."

"उठली का?"

"उठली. आणि माझ्यावर फिसकारली."

"तिची बहीण अशीच होती," मी म्हटलं, आणि मग कळलं की मी भलतंच बोलले. डॉक्टरिणीने दुरुस्त केलं नाही.

आराम पडायला वेळ लागला. पहिला आठवडा कठीण गेला, औषधं दोन महिने चालली. पण दहाव्या दिवशी वाटीचा आवाज आला. मी बाहेर आले तर ठकी आपली आपण खात होती, लपलप आवाज करत, लगदा मिशांना लागलेला. खाऊन झाल्यावर ती उन्हात बसली आणि पाय वर करून अंग चाटायला लागली. अर्धा तास चाटत होती. वाटीशेजारची शाल तिने तुडवली, तिच्याकडे पाहिलंही नाही. ताईच्या खुर्चीवरून उडी मारून खिडकीत गेली, मध्ये एक खुर्ची लागते म्हणून.

मग मला शिंपीणबाईंकडून कळलं की रोज सकाळी ही त्यांच्याकडेही जाते आणि अन्नाचा कण न मिळाल्यासारखं तोंड करून बसते. त्या भाकडकथेला बळी पडून वाटीभर दूध देत होत्या.

"सरलं हो हिचं दुःख," त्या म्हणाल्या.

"हिला दुःख नव्हतंच," मी म्हटलं. "दात दुखत होते."

मी जिना चढायला लागले. ठकी बरी झाली याचा आनंद होता, खोटं कशाला बोलू. पण सात महिने मी समजत होते की आम्ही दोघी मिळून ताईला आठवतोय. तसं नव्हतं. पलंगाखाली एक जीव वेदनेने गप्प बसला होता आणि बाहेर मी त्याला गोष्टी सांगत होते. झुरत होते ती मी एकटी. पहिल्या दिवसापासून एकटीच.

डॉक्टरिणीने सांगितलंय, आठवड्यातून एकदा ओठ उचलून बघत जा, लाली परत येते का ते. म्हणून रविवारी सकाळी मी टेबलावरची पूड पुसते, दिवा लावते आणि ठकीला समोर घेते. एका हाताने डोकं धरायचं, अंगठ्याने ओठ उचलायचा. हिरड्या आता मऊ, गुलाबी आहेत, तान्ह्या मुलाच्या असतात तशा. डावीकडे बघते, उजवीकडे बघते. एवढंच काम आहे, एक मिनिटाचं.

मग मी पुढच्या खोलीकडे मान वळवते. खिडकीपाशी खुर्ची असते.

"बघितलं गं, ताई," मी म्हणते. "बरं आहे तोंड."

ठकी हातातून निसटते, खाली उडी मारते आणि वाटीकडे चालायला लागते.